आयटी कंपनीची मुलाखत : पहिल्यांदाच देणाऱ्या गोव्यातल्या मुलामुलींसाठी

माझ्या पहिल्या टेक्निकल मुलाखतीत मी बारा मिनिटं गप्प बसले होते. प्रश्न येत होता. डोक्यात दोन मार्ग फिरत होते आणि त्यातला बरोबर कुठला हे ठरेपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. उत्तर पाठ असेल तरच हात वर करायचा, हेच शाळेपासून अंगवळणी पडलेलं. तेराव्या मिनिटाला मार्ग सापडला, भराभर कोड लिहिला, तो चाललाही. तरी मला घेतलं नाही, आणि का घेतलं नाही ते मला तेव्हा कळलंच नाही.

माझी प्राथमिक शाळा डिचोलीजवळची, मराठी माध्यमाची. पाचवीपासून इंग्रजी, मग फर्मागुडीचं सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय, सहा वर्षं पुण्यात नोकरी, आणि आता घरूनच बंगळुरूच्या एका कंपनीचं काम. गेली तीन वर्षं मी मुलाखती घेतेही. टेबलाच्या पलीकडे बसल्यावर ती बारा मिनिटं समोरच्याला कशी वाटली असतील ते उमगलं. त्याला माझं डोकं दिसत नव्हतं, फक्त गप्प चेहरा दिसत होता. मुलाखतीनंतर जो अभिप्राय लिहायचा असतो त्यात ‘उमेदवार विचार कसा करते’ या रकान्यात लिहायला मी त्याला काहीच दिलं नव्हतं.

चवथीला घरी असले की नात्यातली, वाड्यावरची मुलं विचारतात, ‘ताई, इंटरव्ह्यूत नेमकं होतं काय?’ त्यांना तुकड्यातुकड्यांत जे सांगते ते इथे सलग लिहिते आहे.

१. आधी सगळी वाट नजरेखालून घाला

साधारण क्रम असा: रेझ्युमेची चाळणी, ऑनलाइन टेस्ट, एक ते तीन टेक्निकल राउंड, मॅनेजरचा राउंड, एचआर, ऑफर आणि शेवटी पार्श्वभूमीची पडताळणी. कॅम्पसवर हे बरंचसं एकदोन दिवसांत उरकतं. बाहेरून अर्ज केलात तर काही आठवडे, कधी दोन महिनेही जातात.

बाहेरून अर्ज करणं आपल्याकडच्या बहुतेकांना चुकत नाही. झुआरीनगरच्या बिट्समध्ये येणारी प्रत्येक कंपनी फर्मागुडी, वेर्णा, फातोर्डा किंवा आसगावच्या कॉलेजात येतेच असं नाही. ‘आमच्याकडे कंपन्या येत नाहीत’ म्हणून थांबू नका. कंपनीच्या स्वतःच्या करिअर पानावर अर्ज करा आणि तिथे काम करणाऱ्या सीनिअरला रेफरल मागा. रेफरल म्हणजे वशिला नव्हे. त्याने तुमचा रेझ्युमे कुणीतरी उघडून बघण्याची शक्यता वाढते. पुढचे राउंड सगळ्यांना सारखेच असतात.

निर्णय कसा होतो तेही ठाऊक असू द्या. गूगलमध्ये मुलाखत घेणारा एकटा निर्णय घेत नाही. सगळ्यांचे लेखी अभिप्राय एका हायरिंग कमिटीपुढे जातात. अॅमेझॉनमध्ये मुलाखत घेणाऱ्यांत एक ‘बार रेझर’, म्हणजे भरतीचा दर्जा घसरू नये हे बघणारा, असतो, ज्या टीमसाठी भरती आहे तिच्या बाहेरचा. लहान कंपन्यांत इतका थाट नसतो, तरी अभिप्राय लिहिला जातोच. जे तुम्ही बोललात ते कागदावर जातं. मनातल्या मनात कितीही छान विचार केलेला असो, तो त्या कागदावर नसतो.

२. कागदपत्रं अर्जाच्या आधी गोळा करा

- दहावी, बारावी (किंवा डिप्लोमा) आणि प्रत्येक सेमिस्टरची गुणपत्रिका, स्कॅन केलेली
- पदवी प्रमाणपत्र. ते हातात नसेल तर प्रोव्हिजनल
- आधार आणि पॅन. दोन्ही डिजिलॉकरमध्येही आणून ठेवा
- पासपोर्ट आकाराचा फोटो, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा
- बँक पासबुकाचं पहिलं पान किंवा रद्द केलेला चेक
- आधी नोकरी केली असेल तर ऑफर लेटर, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, रिलीव्हिंग लेटर, फॉर्म १६ आणि पीएफचा यूएएन क्रमांक

पंधरा वर्षांच्या रहिवासी दाखल्यासाठी मामलेदार कार्यालयात हेलपाटे घालू नका. तो सरकारी नोकरीसाठी लागतो, खासगी कंपनी मागत नाही.

आपल्याकडचा खरा सापळा नावाचा आहे. गोव्यातल्या जुन्या नोंदींत पोर्तुगीज वळणाची स्पेलिंगं आहेत. एकाच घरात बाबांच्या जन्मदाखल्यावर शिरोडकर ‘एक्स’ने सुरू होतो आणि मुलाच्या आधारवर ‘एस’ने. एका कागदावर वडिलांचं नाव मधे, दुसऱ्यावर नाहीच, तिसऱ्यावर नुसतं आद्याक्षर. पडताळणी करणारी संस्था बाहेरची असते, तिला आपल्याकडचा हा इतिहास माहीत नसतो. तिला फक्त दोन वेगळी नावं दिसतात. आधार, पॅन आणि गुणपत्रिका या तिन्हींवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का ते आजच बघा. फरक किरकोळ असेल तर नोटरीकडून दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र बऱ्याचदा चालतं. नावच बदलायचं असेल तर गोव्यात त्यासाठी १९९० चा वेगळा कायदा आहे आणि त्या प्रक्रियेला वेळ लागतो. ऑफर हातात आल्यावर ही धावपळ सुरू करू नका.

३. रेझ्युमे: एक पान, आणि त्यावरची प्रत्येक ओळ तुमची

नवख्यांना एक पान पुरतं. धर्म, वैवाहिक स्थिती, वडिलांचा व्यवसाय यातलं काही लिहायचं नाही. भाषांच्या यादीत सी, सी++, जावा, पायथन, जावास्क्रिप्ट अशी रांग लावू नका. ज्यात अर्धा तास प्रश्न झेलू शकता तेवढ्याच ठेवा. मी तर यादीतली शेवटची भाषा धरूनच पहिला प्रश्न विचारते.

प्रकल्पांबद्दल थोडं जास्त सांगते. ‘ग्रंथालय व्यवस्थापन’ आणि ‘विद्यार्थी हजेरी’ हे प्रकल्प मी इतक्या रेझ्युमेंवर पाहिलेत की नजर त्यांवरून घसरते. सत्तरीतल्या एका मुलाने घरच्या काजूच्या बियांच्या खरेदीचा हिशोब ठेवणारं छोटं अॅप केलं होतं. दिसायला साधं होतं. मी विचारलं, ‘नेटवर्क गेलं तर काय करता?’ तो म्हणाला, ‘आमच्याकडे नेटवर्क नसतंच, म्हणून नोंद आधी फोनमध्येच ठेवतो आणि मग पाठवतो. पहिल्या महिन्यात एकच नोंद दोनदा जायची. मग प्रत्येक नोंदीला फोनवरच स्वतंत्र क्रमांक दिला.’ पुढची वीस मिनिटं आम्ही त्याच्यावरच बोललो. तुमच्या आजूबाजूलाही असं काहीतरी असणार: फेरीबोटीचं वेळापत्रक, दूध संस्थेचा हिशोब, जत्रेच्या देणग्यांची वही. ज्याने तुम्हाला स्वतःला छळलं तोच प्रश्न घ्या.

४. ऑनलाइन टेस्ट

साधारण ६० ते ९० मिनिटं. काही बहुपर्यायी प्रश्न आणि दोन-तीन कोडिंगचे. हॅकररँक, कोडिलिटी असे प्लॅटफॉर्म कंपन्या वापरतात. त्यांवर आधी एखादी सराव टेस्ट देऊन त्याच्या एडिटरची ओळख करून घ्या.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे प्रश्नाखालच्या मर्यादा न वाचणं. ‘एन (म्हणजे यादीत किती आकडे) एक लाखापर्यंत’ असं लिहिलेलं असतं ते उगीच नाही. प्रत्येक आकडा बाकी प्रत्येकाशी जोडून बघायला गेलात तर एक लाख आकड्यांच्या सुमारे ५०० कोटी जोड्या होतात. एका सेकंदात दहा कोटींच्या आसपास साध्या क्रिया होतात असं ढोबळ धरा. म्हणजे तुमचं उत्तर बरोबर असूनही वेळ संपेल. उलट यादी क्रमाने लावलेली असेल तर दहा लाख आकड्यांतला हवा तो आकडा बायनरी सर्चने, म्हणजे दरवेळी यादी निम्मी करत, वीसेक तुलनांत सापडतो. मर्यादा वाचली की कुठल्या जातीचं उत्तर हवं आहे ते अर्धं तिथेच कळतं.

पूर्ण उत्तर सुचलं नाही तर साधं, हळू चालणारं तरी लिहून सादर करा. बऱ्याच टेस्टमध्ये जेवढ्या चाचण्या पास होतील तेवढे गुण मिळतात. रिकामी यादी, एकच आकडा, सगळे आकडे सारखे, हे तीन प्रकार स्वतः तपासा.

आता घरची तयारी. कॅम्पसचा हंगाम नेमका पावसात सुरू होतो आणि पावसात आपल्याकडे वीज जाते. लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण वायफायचा राउटर बंद पडतो, आणि ते टेस्टच्या मधोमध लक्षात येतं. राउटरपुरता छोटा यूपीएस मिळतो, तो घ्या. शिवाय दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला फोन हॉटस्पॉटसाठी तयार ठेवा आणि आदल्या दिवशी, त्याच खोलीत, त्याच खुर्चीत बसून तो चालतो का ते बघा. कौलारू घर असेल तर कौलांवरच्या पावसाचा आवाज माइकमध्ये जोरात जातो; माइकवाला इअरफोन लावा. पणजीत पाटोवरचं मध्यवर्ती ग्रंथालय अभ्यासाला फार चांगलं, पण मुलाखतीला नाही, तिथे बोलता येत नाही. मुलाखत असेल तर कॉलेजच्या प्लेसमेंट विभागाकडे एखादी खोली मागा.

कॅमेऱ्यातून नजर ठेवली जाते, दुसरा टॅब उघडला की नोंद होते. घरात सगळ्यांना सांगून ठेवा की अमुक ते अमुक खोलीत कुणी यायचं नाही, चहा घेऊनही नाही. आणि बाजूला फोन ठेवून एआयकडून उत्तर उतरवून घेण्याच्या फंदात पडू नका. पुढच्या राउंडला तोच कोड समोर ठेवून ‘ही ओळ का लिहिलीस?’ असं विचारतात. ज्या कंपन्या एआय वापरू देतात त्या तसं आधीच सांगतात.

टेस्टची तारीख चवथीच्या दिवसांत आली तर लगेच, नम्रपणे मेल करा. बाहेरच्या रिक्रूटरला वाटतं हा एका दिवसाचा सण आहे. ‘आमच्याकडे पाच दिवस असतो, घरी पाहुणे असतात, त्यानंतरची तारीख मिळेल का?’ एवढं पुरतं. मी स्वतः अशा मेल आल्यावर तारखा बदलून दिल्या आहेत.

५. टेक्निकल राउंड: ऐकू येईल असा विचार करा

समजा प्रश्न असा: आकड्यांची यादी आहे, एक बेरीज दिली आहे, कुठले दोन आकडे मिळून ती होते ते शोधा. सोपा आहे, तुम्ही सरावात पाहिलेलाही असेल. तरी लगेच कोडवर झडप घालू नका. बोलणं साधारण असं जावं:

‘यादी क्रमाने लावलेली आहे का? एकच आकडा दोनदा यादीत असू शकतो का? जोडी सापडलीच नाही तर काय परत द्यायचं?’

‘आधी साधा मार्ग सांगते. प्रत्येक जोडी तपासायची. लाखभर आकड्यांना हे फार हळू होईल.’

‘त्याऐवजी एकेक आकडा घेताना, त्याला हवा असलेला जोडीदार आधी येऊन गेला का, हे हॅशमॅपमध्ये बघता येईल. यादीवरून एकदाच जावं लागेल, मात्र जास्तीची मेमरी लागेल. चालेल का?’

‘बेरीज आठ आणि आकडा चार असेल तर तो चार स्वतःशीच जुळायला नको. म्हणून आधी शोधते, मग साठवते.’

मग कोड. कोड झाल्यावर ‘झालं’ म्हणून थांबू नका, एक छोटं उदाहरण हाताने चालवून दाखवा. यादी ३, ८, ५ आणि बेरीज १३. तीनला दहा हवा, नाही, साठवला. आठला पाच हवा, अजून आलेला नाही, साठवला. पाचला आठ हवा, आहे. जोडी सापडली.

(हॅशमॅप म्हणजे साठवलेली गोष्ट पटकन शोधून देणारी रचना.) यात हुशारीचा चमत्कार कुठेच नाही, पण मुलाखत घेणाऱ्याच्या वहीत पाच-सहा ओळी भरतात: प्रश्न नीट समजून घेतला, साधा मार्ग मांडला, त्याची किंमत सांगितली, सुधारला, कडेची बाब ओळखली, तपासून पाहिलं.

हे सगळं इंग्रजीत बोलायचं असतं आणि इथे आपल्या मुलांचा घसा कोरडा पडतो. घरात कोकणी-मराठी, पुस्तकं इंग्रजी, त्यामुळे वाचलेलं कळतं पण बोलायची सवय नसते. मी जे केलं ते सांगते. रोज एक प्रश्न सोडवायचे आणि आईला मराठीत समजावायचे. तिला कोड कळत नव्हता, पण कुठे माझी गाडी अडते ते तिला बरोबर कळायचं. ‘हे मघाशी म्हणालीस त्याच्या उलट झालं’ असं ती म्हणायची. तिला पटलं की तेच इंग्रजीत, फोनवर रेकॉर्ड करून. दोन महिने. विचार मराठीत सरळ झाला की इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं. व्याकरणाच्या चुकांवरून मी कुणाला नाकारलेलं नाही. चारदोन वाक्यं मात्र जिभेवर तयार ठेवा: ‘लेट मी थिंक अलाउड’, ‘कॅन आय टेक अ मिनिट?’, ‘आय अॅम नॉट शुअर, बट आय वुड स्टार्ट विथ धिस’. मिनिटभर शांत राहायची परवानगी मागून घेतलेली शांतता कुणाला खटकत नाही.

मुलाखत घेणारा मधेच बोलला तर ऐका. ‘इथे काही वाचवता येईल का?’ असं मी विचारते तेव्हा मी चूक काढत नसते, वाट दाखवत असते. बरीच मुलं घाबरून ‘येस येस’ म्हणतात आणि आपलंच पुढे रेटतात.

येत नसेल ते ‘येत नाही’ म्हणा, आणि त्याच्या जवळचं जे येतं ते सांगा. कोडिंगसोबत पायाभूत विषय विचारतात: डेटाबेसमधला इंडेक्स आणि ट्रान्झॅक्शन, प्रोसेस आणि थ्रेडमधला फरक, ब्राउझरमध्ये पत्ता टाकल्यावर काय काय घडतं. व्याख्या घोकण्यापेक्षा प्रत्येकाचं एक उदाहरण तयार ठेवा.

एक बारीक गोष्ट. समोरचे ‘मला नावाने हाक मार’ म्हणतात आणि वयाने मोठ्या माणसाला नावाने हाक मारणं आपल्याला जमत नाही. ओढूनताणून मारू नका. संबोधन न लावताही पूर्ण मुलाखत आदराने बोलता येते, आणि ‘सर’, ‘मॅडम’ तोंडून गेलंच तर कुणी गुण कापत नाही.

तीन-चार वर्षांचा अनुभव असेल तर सिस्टिम डिझाइनचा, म्हणजे अख्खी यंत्रणा कशी उभारायची याचा, राउंड असतो. कदंब बसच्या आरक्षणाचं उदाहरण घेऊन सराव करा: एकच सीट दोघांनी त्याच क्षणी दाबली तर ती कुणाची, आणि पैसे कापले पण तिकीट निघालं नाही तर काय?

६. मॅनेजर आणि एचआर

‘स्वतःबद्दल सांगा’ याचं उत्तर दीड मिनिटाचं असावं. गाव, शाळा, छंद अशी जत्रा नको. काय शिकलात, काय बनवलंत, इथे का यायचंय एवढंच. ‘टीममध्ये वाद झाला तेव्हा काय केलंस?’ यासारख्या प्रश्नांसाठी चार खऱ्या गोष्टी लिहून ठेवा. प्रसंग, तुमची जबाबदारी, तुम्ही केलेलं काम, निष्पत्ती या क्रमाने. ‘आम्ही केलं’ असं म्हणायची आपल्याला सवय असते. तिथे ‘मी काय केलं’ तेच हवं असतं.

‘पुणे, बंगळुरू, हैदराबाद, कुठेही जाल का?’ हा प्रश्न येणारच. घरच्यांशी आधी बोलून घ्या. मुलाखतीत ‘हो’ म्हणून ऑफर आल्यावर ‘बाबा नको म्हणतात’ असं सांगणारी मुलं मी पाहिली आहेत. जायचं नसेल तर तसं सांगा. काही कंपन्या घरून काम देतात, वेर्णा-पर्वरी-पणजीतही कामं आहेत. पर्याय कमी होतील एवढंच.

७. नंतरची शांतता

मुलाखत छान झाली आणि दहा दिवस काहीच निरोप नाही, हे अगदी नेहमीचं आहे. एका कंपनीने मला तीन राउंडनंतर कधीच काही कळवलं नाही. तेव्हा मी महिनाभर दुसरीकडे अर्जच केला नव्हता, आणि ती चूक माझ्या चांगल्याच लक्षात राहिली आहे. मुलाखत संपताना ‘साधारण कधीपर्यंत कळेल?’ असं विचारा. सांगितलेला दिवस उलटला की दोन दिवसांनी एक छोटी मेल, आठवड्याने आणखी एक, मग पुढे चला. ऑफर लेटर हातात येईपर्यंत बाकीच्या मुलाखती थांबवू नका, आणि असलेल्या नोकरीचा राजीनामा तर नाहीच.

८. ऑफर वाचताना

सीटीसी म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च, हातात येणारा पगार नव्हे. समजा सीटीसी सहा लाख, त्यात बेसिक तीन लाख. कंपनीचा पीएफचा वाटा बेसिकच्या १२ टक्के म्हणजे ३६,०००. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के म्हणजे १४,४३०. व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा भाग) समजा ६०,००० आणि विम्याचा हप्ता ९,५७०. हे १,२०,००० वजा केले की उरतात ४,८०,०००, म्हणजे महिना ४०,०००. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ३,००० जातो. हातात ३७,०००. पुण्यात असाल तर वर्षाला २,५०० व्यवसाय करही कापला जातो. सहा लाखांना बाराने भागून महिना ५०,००० येतील असं धरून भाड्याचं घर ठरवायला जाऊ नका. एचआरला ‘दरमहा हातात किती येईल, त्याची फोड पाठवाल का?’ असं विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही.

बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) आहे का, नोटीस पिरिअड ३० दिवसांचा की ९०, हे सही करण्याआधी वाचा. मूळ प्रमाणपत्रं दाखवा आणि परत घ्या. कुणाकडे ठेवू नका. पडताळणीत आधीच्या नोकरीच्या तारखा पीएफच्या नोंदीवरून कळतात, तेव्हा महिने इकडचे तिकडे करू नका.

आणि नोकरीसाठी कुणी पैसे मागितले, लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंग फी, काहीही, तर तिथेच थांबा. फक्त टेलिग्रामवर झालेली ‘मुलाखत’ आणि कंपनीच्या नावाऐवजी साध्या जीमेलवरून आलेलं ऑफर लेटर, ही फसवणुकीची ओळखीची लक्षणं. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर तितके ते परत मिळणं कठीण.

९. नकार आला तर

बऱ्याच कंपन्या ठरावीक काळ, सहसा सहा महिने ते वर्षभर, पुन्हा अर्ज घेत नाहीत. ती तारीख कॅलेंडरमध्ये टाका. प्रत्येक मुलाखतीनंतर, निकाल काहीही असो, तीन गोष्टी वहीत लिहा: कुठले प्रश्न आले, कुठे अडले, आणि कुठल्या क्षणी गप्प झाले. तिसरी सगळ्यात कामाची. माझ्या वहीत सुरुवातीच्या चार मुलाखतींना तिथे एकच गोष्ट होती: रिकर्शनचा (फंक्शन स्वतःलाच पुन्हा बोलावतं त्याचा) प्रश्न आला की मी बोलायची थांबायचे. मग पंधरा दिवस फक्त रिकर्शनचे प्रश्न मोठ्याने सोडवले. हे लिहिणं मुलाखत संपल्या संपल्या करायचं असतं, घरी पोचेपर्यंत निम्मं विसरायला होतं. वही जवळ नसेल तर फोनवर बोलून ठेवा, पण कदंबात बसायच्या आधी.